कॉर्कमधील सहा पाव: घरचा सोडा ब्रेड का फसला आणि कसा सुधारला

आयर्लंडच्या दक्षिणेकडील कॉर्क शहरात आमचे बिऱ्हाड आहे. यंदा जानेवारीच्या मध्यापासून सलग सहा रविवार मी घरी आयरिश सोडा ब्रेड भाजला. त्यांतील पहिले चार पाव फसले, पाचवा बरा झाला आणि सहावा मात्र शेजारच्या वृद्ध बाईंनी मागून घेऊन खाल्ला. ज्या पावात पीठ, मीठ, खाण्याचा सोडा आणि आंबट ताक असे चारच जिन्नस पडतात, ज्याला यीस्ट लागत नाही, रात्रभर आंबवावे लागत नाही आणि मळावेही लागत नाही, तो पाव वीस वर्षे रोज पोळ्या करणाऱ्या हाताला चार वेळा का साधू नये, या प्रश्नाने मला फार अस्वस्थ केले होते. प्रत्येक पावाची मापे, वेळा आणि निकाल मी वहीत लिहून ठेवले होते. त्या नोंदींवरून हे प्रकरण मांडते आहे.

माझा निष्कर्ष आधीच सांगते. सोडा ब्रेडचे पीठ परातीत पडले की आपला हात त्याला कणीक समजतो आणि कणकेचे सगळे संस्कार त्याच्यावर करतो. हा पाव पोळीच्या कुळातला नाही, ढोकळ्याच्या कुळातला आहे. माझ्या बहुतेक चुका या एका गैरसमजातून झाल्या होत्या.

पाव असा का आहे

आयर्लंडची हवा थंड आणि दमट. या हवेत येणारा गहू मऊ असतो, म्हणजे त्यात प्रथिने कमी असतात आणि त्याच्या पिठाला चिवटपणा बेताचाच येतो. यीस्टच्या पावाला तोच चिवटपणा हवा असतो, कारण यीस्टचा वायू तासन्‌तास हळूहळू निघतो आणि तो धरून ठेवायला ताणले जाणारे जाळे लागते. सोड्याचा वायू मिनिटांत निघतो आणि ओव्हनच्या उष्णतेने पावाचा आकार लगेच पक्का होतो, म्हणून त्याला मऊ पीठ पुरते. एकोणिसाव्या शतकात सोडा स्वस्त होऊन घरोघर पोहोचला तेव्हा इथल्या शेतकऱ्याच्या घरी मऊ गव्हाचे पीठ होते आणि लोणी काढून उरलेले आंबट ताकही होते. कॉर्कला या दुसऱ्या गोष्टीचे विशेष कारण आहे. या शहरात १७७० साली लोण्याची मोठी बाजारपेठ स्थापन झाली आणि ती १९२४ पर्यंत चालली. आसपासच्या गावांतले लोणी इथे येऊन, प्रत ठरून, पिंपांत भरून समुद्रापार जात असे. लोणी परदेशी गेले तरी ताक घरीच राही. शँडन भागात त्या बाजाराच्या जागेजवळ आज लोण्याचे संग्रहालय आहे.

१८३६ साली ‘न्यूरी टेलिग्राफ’ या वृत्तपत्राच्या एका वाचकाने दिलेली सोडा ब्रेडची कृती छापील स्वरूपात उपलब्ध आहे. दीड पौंड गव्हाचे पीठ, दोन चमचे बारीक मीठ, चहाचा एक भरलेला चमचा सोडा अर्धा कप थंड पाण्यात विरघळवून, आणि पीठ सैल होईल इतके चांगलेच आंबट ताक, असे तिचे प्रमाण आहे. पीठ हाताळता येईल तितके सैल ठेवावे, जितके सैल तितके चांगले, असे तो बजावतो. नंतर इंचभर जाडीचा पाव जड भांड्यात ठेवून खालून बेताची आच द्यायची आणि वीस मिनिटांनी झाकणावर निखारे ठेवायचे. पुढे इथल्या खेड्यांत बॅस्टिबल नावाचे झाकणाचे बिडाचे भांडे पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळणाच्या, विस्तवावर टांगून, झाकणावर निखारे घालून हाच पाव होत असे. कोकणात वर-खाली निखारे ठेवून धोंडस भाजणाऱ्या घरातील माणसाला ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. या जुन्या कृतीतल्या दोन सूचना, सोडा आधी विरघळवणे आणि पीठ सैल ठेवणे, मी पहिल्याच दिवशी वाचल्या होत्या आणि दोन्हींकडे दुर्लक्ष केले होते.

चार रविवार

पहिल्या पावासाठी मी भारतीय दुकानातून आणलेला पोळीचा आटा ४५० ग्रॅम घेतला, त्यात मीठ आणि शिगोशीग भरलेला एक चमचा सोडा घातला आणि घरी लावलेल्या दह्याचे ताक करून त्यात पीठ भिजवले. ताक नेहमीच्या सवयीने केलेले, एक वाटी दह्याला दोन वाट्या पाणी. गोळा आठ मिनिटे चांगला तिंबला, ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवला आणि २०० अंश सेल्सियसला पाऊण तास भाजला. निघाला तो चार सेंटिमीटर उंचीचा दगड. कापल्यावर तळाशी बोटभर रुंदीचा चिकट, ओलसर पट्टा दिसला. सुरीला पीठ चिकटून आले.

पाव फुगला नाही म्हणजे सोडा कमी पडला असे समजून दुसऱ्या रविवारी मी दीड चमचा सोडा घातला. बाकी सर्व तसेच. हा पाव जरा वर आला, पण कवच जळल्यासारखे काळपट, आतला भाग पिवळट, आणि घरभर ओल्या साबणासारखा वास. जिभेवर आधी कडवटपणा आणि मग तुरटपणा रेंगाळत होता. घरात कोणी दुसरा तुकडा घेतला नाही.

तिसऱ्या रविवारी आटा सोडून मी इथला साधा मऊ मैदा आणला. त्याला इकडे क्रीम फ्लोअर म्हणतात. साईशी त्याचा काही संबंध नाही. सोडा पुन्हा एक शीग चमचा. तिंबणे आणि झाकून ठेवणे मात्र चालूच होते. त्या आठवड्यात सांगलीहून सासूबाई आलेल्या होत्या. ओट्यावर झाकून ठेवलेला गोळा पाहून त्यांनी विचारले, “हे काय ठेवलंयस?” मी म्हटले, “अहो आई, पाव आहे, मुरायला ठेवलाय. सोडा घातलाय त्यात.” त्यावर त्या म्हणाल्या, “अगं, सोडा घातल्यावर ढोकळ्याचं पीठ कधी ठेवतो का आपण? चाळणी तयार, पाण्याला उकळी, मगच सोडा.” तो पाव रबरासारखा चिवट झाला आणि आत तिळाएवढे पिवळे-तपकिरी ठिपके होते, पण त्या वाक्याने प्रकरणाला पहिली दिशा दिली.

सोडा आणि आम्ल भेटले की वायू त्याच क्षणी सुटू लागतो, ओव्हन तापण्याची वाट तो पाहत नाही. बेकिंग पावडरमध्ये काही भाग उष्णता मिळाल्यावर काम करतो, म्हणून तिथे थोडा उशीर चालून जातो. नुसत्या सोड्यात ती सवलत नाही. मी अर्धा तास फडक्याखाली ठेवलेला गोळा प्रत्यक्षात अर्धा तास आपला श्वास घालवत होता, आणि आठ मिनिटांच्या तिंबण्याने जो चिवटपणा आला होता तो उरलेल्या वायूलाही पाव उचलू देत नव्हता. पोळीचा आटा तर या कामाला आणखी गैरसोयीचा: तो टणक गव्हाचा, जात्याखाली बारीक रगडलेला, पाणी खूप पिणारा. पोळीला हे सगळे गुण हवेत. इथे तेच आडवे आले.

चौथ्या रविवारी मी तिंबणे बंद केले, मुरवणे बंद केले, ओव्हन आधी तापवला. पाव उंच झाला, वर पाडलेली फुली फुलासारखी उमलली, आणि पहिला घास घेताच पुन्हा साबण. ठिपकेही तसेच. इथे माझ्या लक्षात आले की न फुगणे आणि कडवट लागणे ही दोन वेगळी दुखणी आहेत. मी त्यांना एक समजत होते आणि एकाचे औषध म्हणून दुसरे वाढवत होते.

हळदीची परीक्षा

पिवळ्या ढोकळ्यावर कधी कधी लाल डाग उमटतात, ते सोडा न विरघळता राहिल्याचे लक्षण असते, हे ढोकळा करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. हळद क्षाराला भेटली की लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करण्यामागेही हेच आहे. चौथ्या पावाचा एक काप बशीत ठेवून मी त्यावर पातळ हळदीचे पाणी बोटाने फिरवले. अर्ध्या मिनिटात संपूर्ण कापावर नारिंगी झाक आली आणि जिथे जिथे ठिपके होते तिथे विटेसारखे लाल बिंदू उमटले. एका कापावर मी अकरा मोजले. म्हणजे दोष दुहेरी होता: सोडा एकूणच जास्त होता आणि शिवाय तो गाठींच्या रूपाने बसला होता.

साबणाच्या चवीचे कारणही इथेच आहे. आम्ल मिळाले तर सोड्याचे रूपांतर वायू, पाणी आणि निरुपद्रवी लवण यांत होते. आम्ल मिळाले नाही तर ओव्हनच्या उष्णतेने उरलेल्या सोड्याचा धुण्याचा सोडा बनतो, आणि तो खाण्याच्या सोड्यापेक्षा कितीतरी तीव्र असतो. जिभेला साबण आठवला यात तिची काही चूक नव्हती.

मग मी वजनकाटा काढला. माझा शीग चमचा भरला नऊ ग्रॅम. सुरीच्या पाठीने सपाट केलेला मापाचा चमचा भरला पाच. आपल्या घरांत चमचा हे माप नसून वस्तू आहे, ज्याच्या हातात असेल त्याच्या अंदाजाने तो भरतो. भाजीच्या मिठाला हे चालते, सोड्याला चालत नाही. दुसऱ्या पावात गेलेला सोडा तेरा ग्रॅमच्या वर होता.

ताकाची गोष्ट त्याहून महत्त्वाची ठरली. दोन काचेच्या पेल्यांत मी अर्धा अर्धा कप द्रव घेतला, एकात माझे घरचे ताजे ताक आणि दुसऱ्यात दुकानातून आणलेले बटरमिल्क, आणि दोन्हींत सपाट पाव चमचा सोडा टाकून ढवळला. बटरमिल्क फसफसून पेल्याच्या काठापर्यंत चढले आणि तो फेस दाट होता. माझ्या ताकावर तुरळक बुडबुडे आले आणि विरले. आपण जेवणानंतर पितो ते ताक गोडसर आणि पातळ असावे अशीच आपली अपेक्षा असते. इथले बटरमिल्क म्हणजे विरजण लावून आंबवलेले, पाणी न घातलेले, दाट दूध. दह्यात जेवढे आम्ल असते त्याला मी दोन वाट्या पाणी पाजून एक तृतीयांशावर आणले होते आणि वर सोडा जवळजवळ दुप्पट घातला होता.

वजनाने पाहिले तर एक ग्रॅम सोडा मारायला एक ग्रॅमहून किंचित जास्त, दह्याताकातले लॅक्टिक आम्ल लागते. चांगल्या बटरमिल्कच्या ४०० मिलिलिटरमध्ये ते सुमारे तीन ग्रॅम असते, म्हणजे पाच ग्रॅमच्या रीतसर मापातही थोडा सोडा शिल्लक राहतोच. त्यातला काही दुधातली आणि पिठातली प्रथिने सामावून घेतात आणि उरलेल्या अंशामुळे या पावाला तो खास खमंग तपकिरी रंग आणि चव येते. हे अंतर इतके नाजूक आहे की त्यात चार ग्रॅम सोडा वाढला आणि दोन ग्रॅम आम्ल घटले की तोल पार जातो.

शेजारघरी

आमच्या शेजारच्या बाई पंच्याहत्तरीच्या पुढच्या आहेत आणि त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा सोडा ब्रेड होतो. मी वही घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. त्यांच्या सोड्याच्या पाकिटावर ब्रेड सोडा असे नाव होते. इकडे खाण्याच्या सोड्याला तेच म्हणतात, ही बेकिंग पावडर नव्हे.

त्यांनी मापाचा चमचा भरून सुरीने सपाट केला, सोडा डाव्या तळहातावर ओतला आणि उजव्या अंगठ्याने सावकाश चोळला. तीन खडे निघाले, मोहरीएवढे. दोन चिरडले गेले, तिसरा त्यांनी बाजूला टाकला. मग तो सोडा पिठावर चाळून घेतला. माझा डबा घरी शेगडीच्या वरच्या फळीवर, वाफेत असतो. त्याच्या गाठींचा हिशेब मला त्या अंगठ्याखाली मिळाला.

पिठाच्या मध्ये आळे करून त्यांनी जवळजवळ सगळे बटरमिल्क एकदम ओतले. पाचही बोटे ताठ आणि पसरलेली ठेवून हात आतून बाहेरच्या बाजूला गोल फिरवला, एखादी कडक पंजेटी फिरावी तसा. दहाएक फेऱ्यांत पीठ गोळा झाले. मी घड्याळ पाहिले, एक मिनिटही झाले नव्हते. गोळा ओबडधोबड होता, पृष्ठभागावर सुरकुत्या होत्या, आणि माझा हात त्याला गुळगुळीत करायला नकळत पुढे गेला. तो त्यांनी हलकेच बाजूला केला आणि म्हणाल्या, “तू याला मारतेस. याला फक्त एकत्र आण.” पिठाचा हात लावून त्यांनी गोळा चार सेंटिमीटर उंचीचा चपटा केला, आणि त्यावर कडेपासून कडेपर्यंत खोल फुली पाडली. ही फुली घरातल्या पऱ्यांना बाहेर जायला असते असे इथे सांगतात; जाड मध्यभागापर्यंत उष्णता पोहोचावी आणि पाव चार भागांत मोडता यावा हा तिचा उपयोग मात्र हातानेच कळतो.

पाचवा आणि सहावा

पाचव्या पावाला ४५० ग्रॅम क्रीम फ्लोअर, सपाट चमचा मीठ, सपाट चमचा चाळलेला सोडा आणि दुकानचे बटरमिल्क, एवढे सगळे बरोबर होते. तरीही बोटांना पीठ चिकटू लागताच मी घाबरले आणि मूठभर कोरडे पीठ वर घातले. चव उत्तम, हळदीचे पाणी पिवळेच राहिले, फक्त कडेला किंचित नारिंगी. पण पाव कोरडा आणि भुसभुशीत झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा चुरा होऊ लागला. एका मुठीने हा फरक पडतो हे मी स्वतः पाहिले नसते तर मानले नसते.

सहाव्या वेळी बटरमिल्क ४०० मिलिलिटर पूर्ण घातले आणि हात चिकटू दिला. ओव्हन २३० अंशांवर आधीच तापलेला होता. पंधरा मिनिटांनी तो २०० वर आणला आणि आणखी अर्धा तास भाजले. ज्यांच्या ओव्हनमध्ये पंखा आहे त्यांनी दोन्ही आकडे वीस अंशांनी खाली घ्यावेत. भाजला की नाही हे पाहायला पाव उलटा करून बुडावर बोटाने वाजवायचा. कुंभाराकडे मडके वाजवून घेतो तसाच, आणि नादही जवळपास तसाच, पोकळ आणि स्वच्छ. माझा सहावा पाव वाजला. कवच कडक नको असेल तर तो लगेच स्वच्छ फडक्यात गुंडाळावा. पोळ्यांच्या डब्यातले फडके या कामाला अगदी योग्य. कणकेकडून या पावाने घेतलेली ही एकच रीत.

हा पाव त्याच दिवशीचा. त्यात तूप, तेल, लोणी काही नसल्याने तो लवकर शिळा होतो. दुसऱ्या दिवशी भाजून खावा. मनुका घातलेल्या प्रकाराला इकडे ‘स्पॉटेड डॉग’ असे वेगळे नाव आहे, आणि अंडी, साखर, शहाजिऱ्यासारखे कॅरवेचे दाणे घालून अमेरिकेत जो केक होतो तो चांगला लागत असेलही, पण शेजारच्या बाई त्याला सोडा ब्रेड म्हणायला तयार नाहीत आणि मला त्यांचे म्हणणे पटते.

पुण्याच्या घरी, तव्यावर

माझी धाकटी बहीण पुण्यात असते, तिच्याकडे ओव्हन नाही. तिच्यासाठी मी उत्तर आयर्लंडची रीत शोधली. तिकडे हेच पीठ गोल, दीड सेंटिमीटर जाड थापून, त्याचे चार त्रिकोणी भाग करून सपाट लोखंडी तव्यावर भाजतात. त्याला सोडा फार्ल म्हणतात. आपल्या घरातला जाड बिडाचा तवा या कामी हुबेहूब तोच आहे.

बटरमिल्क तिला मिळत नाही, म्हणून दोन दिवस बाहेर आंबवलेले दही तीन वाट्या आणि पाणी एकच वाटी असे घुसळायला सांगितले. पिठासाठी दोन भाग मैदा आणि एक भाग चाळलेली कणीक. नुसती कणीक घेऊ नकोस, हे दोनदा सांगितले. तवा आधी तापवून आच मंद करायची, वर कोरडे पीठ भुरभुरून ते हलके तपकिरी होते का पाहायचे, मगच चार तुकडे ठेवायचे आणि प्रत्येक बाजू सात-आठ मिनिटे, न दाबता. उलथन्याने दाबण्याची खोड पोळीची आहे, इथे दाबले की वायू गेला.

पहिल्या खेपेला तिचे तुकडे बाहेरून छान आणि कडेला कच्चे राहिले. फोनवर बोलता बोलता तिने ते तव्यावर उभे केले, एकमेकांना टेकवून, आणि प्रत्येक कड दोन दोन मिनिटे शेकली. उत्तर आयर्लंडमध्येही कडा अशाच उभ्या करून शेकतात, ते मी तिला सांगायचे राहून गेले होते. मग तिने एक तुकडा मधून उघडला, वाफ बाहेर आली, आणि तिने घरच्या लोण्याचा गोळा आत ठेवला.